युनिफाय कंट्रोलरमध्ये साइटचं नाव बदललं, पण पत्त्यात अजून 'डीफॉल्ट'च दिसतं

पहिलीपायरी (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळायचं काम गेल्या महिन्यात माझ्याकडे आलं. लिनक्स सर्व्हरवर युनिफाय नेटवर्क ॲप्लिकेशन (म्हणजेच कंट्रोलर, नेटवर्कची सगळी उपकरणं एका जागेवरून सांभाळणारा प्रोग्रॅम) चालतं आणि त्यात चार साइट, म्हणजे उपकरणांचे वेगवेगळे गट, आहेत. तिघींना नीट नावं आहेत. पहिलीचं नाव मात्र इन्स्टॉल करताना आलेलं 'डीफॉल्ट' तसंच राहिलं, आणि मुख्य इमारतीचे सगळे ॲक्सेस पॉइंट, स्विच, गेटवे तिच्यातच आहेत. नवीन माणूस आला की 'डीफॉल्ट म्हणजे मुख्य इमारत' हे त्याला तोंडी सांगावं लागतं. परवा एका सहकाऱ्याला वाटलं की ही चाचणीची रिकामी साइट असणार, आणि त्याने तिथलं एक वायफाय बंद केलं. तीन मजले पंधरा मिनिटं वायफायविना होते. त्याला दोष देता येत नाही, नावच तसं आहे. ते आता बदलायचंच.

थेट चालू सर्व्हरला हात लावायची हिंमत झाली नाही, म्हणून वेगळ्या मशीनवर बॅकअप चढवून नाव बदलून पाहिलं. साइटच्या यादीत नवं नाव आलं, पण ब्राउझरच्या पत्त्यात 'डीफॉल्ट' तसंच आहे. बदल अर्धवट झाला का? आणि खऱ्या सर्व्हरवर हे केलं तर उपकरणं तुटतील का, सगळी परत ॲडॉप्ट करत, म्हणजे कंट्रोलरच्या ताब्यात घेत, बसावं लागेल का? साठेक उपकरणं आहेत, त्यातली निम्मी छताला.

---

तारतम्य

आधी वेगळ्या मशीनवर करून पाहिलंत हे उत्तम. बदल पूर्ण झालाय, अर्धवट नाही. पत्त्यात दिसतं ते साइटचं नाव नाहीच, तो तिचा आतला संकेत आहे.

एका साइटला खरं तर तीन ओळखी असतात. मोंगोडीबी या कंट्रोलरच्या डेटाबेसमधल्या साइटच्या नोंदीला २४ अक्षरी आयडी असतो, तो डेटाबेस स्वतः देतो. दुसरा हा छोटा संकेत. पहिल्या साइटसाठी तो कायम 'डीफॉल्ट' असतो, आणि नंतर तयार केलेल्या प्रत्येक साइटला आठ अक्षरांची अर्थहीन जुळणी मिळते. तुमच्या बाकीच्या तीन साइट उघडून पत्ता बघा, तिथेही तुम्ही दिलेलं नाव दिसणार नाही. तिसरं म्हणजे माणसाने वाचायचं नाव, जे तुम्ही बदललंत.

गोंधळ होतो तो डेटाबेसमधल्या रकान्यांमुळे. 'नेम' रकान्यात छोटा संकेत असतो, आणि आपण ज्याला नाव म्हणतो ते 'डेस्क' रकान्यात, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये. कुणी डेटाबेस उघडून बघितला तर त्याची पहिली समजूत हमखास चुकीची होते.

आता उपकरणं. ॲक्सेस पॉइंट सर्व्हरशी बोलतो तो ८०८० पोर्टवरच्या 'इन्फॉर्म' पत्त्यावर. त्या पत्त्यात साइटचा उल्लेखच नसतो. उपकरण आपला मॅक पत्ता (कारखान्यातून मिळालेला ओळख क्रमांक) सांगतं, ॲडॉप्ट करताना मिळालेल्या किल्लीने पाकीट कुलूपबंद करून पाठवतं, आणि हे उपकरण कोणत्या साइटचं हे सर्व्हर स्वतःच्या डेटाबेसमध्ये बघतो. तिथे जोडणी आहे ती २४ अक्षरी आयडीशी. तुम्ही 'डेस्क' बदललंत, आयडी जागेवरच आहे. परत ॲडॉप्ट करायचा प्रश्न येत नाही. कुठल्या ॲडमिनला कोणती साइट दिसावी, तेही त्याच आयडीवर ठरतं, त्यामुळे परवानग्याही हलत नाहीत.

---

निळादिवा

तारतम्य यांनी सांगितलंय ते बरोबर, फक्त नाव बदलायच्या भरात हात दुसरीकडे जाऊ देऊ नका. साइटचं नाव जुन्या आवृत्त्यांत सेटिंग्जमधल्या 'साइट' या पानावर होतं, नव्यांत ते 'सिस्टीम'खाली गेलं. त्याच्याच आसपास सर्व्हरचं होस्टनेम आणि इन्फॉर्म होस्ट बदलायची चौकट असते. तिथे नवं नाव टाकलं आणि ते डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) नसेल, तर सर्व्हर उपकरणांना तोच चुकीचा पत्ता वाटतो आणि एकेक उपकरण 'डिस्कनेक्टेड' होत जातं. मग प्रत्येकात एसएसएचने (दुरून लॉगिन करून) शिरून 'सेट-इन्फॉर्म' ही बरोबर पत्ता सांगणारी आज्ञा द्यावी लागते. 'साइटचं नाव बदललं आणि सगळं बंद पडलं' अशी हाक मला आजवर दोनदा आली आहे, आणि दोन्ही वेळा बदललेली चौकट हीच होती.

ज्यांच्याकडे ड्रीम मशीन किंवा क्लाउड की आहे त्यांच्यासाठी: कन्सोलचं नाव वेगळं आणि साइटचं वेगळं. एक बदललं म्हणून दुसरं बदलत नाही.

---

आलेख

उपकरणं सुखरूप राहतील, पण सर्व्हरच्या बाहेर त्या नावावर काय काय टांगलेलं आहे ते आधी बघा. आमचे ग्राफानाचे (आलेख दाखवणाऱ्या साधनाचे) तक्ते अनपोलर आणि प्रोमीथियसवर चालतात: अनपोलर कंट्रोलरमधून आकडे काढतो, प्रोमीथियस ते साठवतो. अनपोलर साइटचं लेबल बनवताना आधी दिसतं नाव आणि पुढे कंसात छोटा संकेत असं जोडतो. नाव बदललं की लेबल बदलतं, आणि प्रोमीथियसच्या दृष्टीने लेबल बदललेली मालिका म्हणजे नवी मालिका. जुनी रेघ त्या मिनिटाला थांबते आणि नवी तिथून सुरू होते. डेटा जात नाही, पण तक्ता जुन्या लेबलवर अडकलेला असेल तर रिकामा दिसतो.

त्याहून वाईट म्हणजे इशारे. जुन्या लेबलवर लावलेल्या इशाऱ्याला जुळणारी मालिकाच उरत नाही, त्यामुळे तो वाजत नाही. सगळं हिरवं दिसतं आणि आपण निर्धास्त राहतो. मी तक्त्यांमधलं गाळणं पूर्ण लेबलऐवजी कंसातल्या संकेतावर लावलंय. संकेत बदलत नाही, नाव कितीही वेळा बदला.

ईमेलची गाळणंही बघून घ्या. विषयातल्या किंवा मजकुरातल्या साइटच्या नावावरून कुणी मेल वेगळ्या फोल्डरात वळवत असेल तर त्याला आधी कळवा.

---

पहिलीपायरी

किती नीट समजावलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. ग्राफाना आमच्याकडेही आहे आणि त्याचा मी विचारच केला नव्हता.

आता एक विचारते. पत्त्यातला तो 'डीफॉल्ट' डोळ्यांना खुपतो. लोक बुकमार्क पाठवतात तेव्हा तोच दिसतो, म्हणजे गोंधळाचं अर्धं मूळ तिथेच राहतं. डेटाबेसमध्ये शिरून 'नेम' रकाना बदलावा असं एकाने सुचवलं. एका ओळीची आज्ञा आहे म्हणे. करावं का?

---

गेटवेवरचा

करू नका. मी हे केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीही याच कारणासाठी केलं. सेवा बंद केली नव्हती. २७११७ पोर्टवरच्या मोंगोडीबीला जोडलो, 'एस' (ace) नावाच्या डेटाबेसमध्ये साइटची नोंद शोधली आणि 'डीफॉल्ट'च्या जागी छोटंसं छान नाव टाकलं. मग सर्व्हर रीस्टार्ट केला. लॉगिन झालं, पत्त्यात नवं नाव आलं, उपकरणं सगळी हिरवी. मला वाटलं जमलं. उपकरणं हिरवी होती ती तारतम्य यांनी वर सांगितलेल्या कारणाने, त्यांची जोडणी मोठ्या आयडीशी आहे. मी मात्र तेवढ्यावरूनच सगळं ठीक आहे असं धरून चाललो.

पहिला फटका पाहुण्यांच्या वायफायला. आमचं पाहुण्यांचं लॉगिन पान वेगळ्या सर्व्हरवर आहे. पाहुणा नाव भरतो, ते पान कंट्रोलरच्या एपीआयला (इतर प्रोग्रॅमसाठी असलेल्या दाराला) 'या मॅक पत्त्याला इतकी मिनिटं सोड' अशी विनंती पाठवतं. त्या विनंतीच्या पत्त्यात साइटचा छोटा संकेत असतो. संकेत बदलला, पानाला ते माहीत नाही, ते 'डीफॉल्ट'लाच हाका मारत राहिलं. कंट्रोलरचं उत्तर येत होतं 'नो साइट कॉन्टेक्स्ट', पण ते लॉगमध्ये. पाहुण्याला दिसत होतं फक्त गरगर फिरणारं चक्र. दुपारी तक्रार आली, संध्याकाळी कारण सापडलं. पानातला संकेत बदलला, सुरू झालं.

हा फटका तसा लगेच कळला. दुसरा आठवड्याने बसला आणि तो जास्त महाग पडला.

आमच्याकडे तेव्हा यूएसजी हा युनिफायचा गेटवे होता. त्याच्या ज्या गोष्टी पडद्यावरून करता येत नाहीत, त्या 'कॉन्फिग डॉट गेटवे डॉट जेसन' या फाइलमध्ये लिहाव्या लागतात, आणि ती फाइल सर्व्हरच्या 'डेटा'मधल्या 'साइट्स' या फोल्डरात, साइटच्या संकेताच्या नावाने असलेल्या उपफोल्डरात ठेवावी लागते. आमची फाइल अर्थातच 'डीफॉल्ट' या उपफोल्डरात. संकेत बदलल्यावर सर्व्हर नव्या नावाच्या उपफोल्डरात बघायला लागला. तिथे फाइल नव्हती, आणि फाइल नसणं ही त्याच्या लेखी चूक नव्हेच, बहुतेकांकडे ती नसतेच. त्यामुळे इशारा नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. गेटवे मात्र जुन्याच आज्ञा पाळत होता, कारण त्याला नवं काही पाठवलंच गेलं नव्हतं. आठवड्याने मी एक साधा फायरवॉल नियम जोडला. सर्व्हरने गेटवेला संपूर्ण कॉन्फिगरेशन नव्याने पाठवलं, त्या फाइलविना. दोन शाखांना जोडणारा व्हीपीएन बोगदा आणि पत्ते बदलायचे काही खास नियम त्या क्षणी नाहीसे झाले.

मी अर्थातच आत्ता लिहिलेल्या नियमात चूक शोधत बसलो. तो नियम काढला, परत टाकला, फर्मवेअरवर शंका घेतली, आयएसपीला फोन केला. आठवडाभरापूर्वीच्या त्या एका ओळीचा आणि आजच्या बिघाडाचा संबंध असेल हे डोक्यातच येईना. साडेचार तासांनी 'डेटा'चं फोल्डर सहज उघडलं तेव्हा 'डीफॉल्ट' आणि नवं नाव असे दोन उपफोल्डर शेजारी शेजारी दिसले, आणि मग उलगडा झाला.

बदलाच्या आधीचा बॅकअप होता, पण तो चढवला असता तर आठवड्याभराचे बाकीचे बदलही गेले असते. बॅकअप सबंध सर्व्हरचा असतो, एका साइटचा तुकडा काढून घेता येत नाही. म्हणून सेवा बंद करून संकेत हाताने परत 'डीफॉल्ट' केला, लॉगिन पान परत फिरवलं आणि गेटवेला नव्याने कॉन्फिगरेशन पाठवलं. तेव्हापासून पत्त्यात 'डीफॉल्ट' आहे आणि मी त्याला हात लावत नाही.

---

तारतम्य

हे इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. अशी हकिगत कुठल्याच पुस्तिकेत मिळत नाही.

संकेत बदलायचाच असेल तर सरळ मार्ग एकच. नवी साइट तयार करायची, वायफाय, व्हीलॅन, नियम तिथे नव्याने मांडायचे आणि उपकरणं एकेक करून तिकडे हलवायची. एकाच सर्व्हरवर दुसऱ्या साइटला उपकरण हलवता येतं, रीसेट करावं लागत नाही. पण क्लायंटचा इतिहास जुन्या साइटकडेच राहतो, हलवताना प्रत्येक उपकरण नवं कॉन्फिगरेशन घेतं तेव्हा तेवढा वेळ सेवा खंडित होते, आणि एवढं करून मिळणारा संकेतही यादृच्छिक आठ अक्षरंच. तो आपल्याला निवडता येत नाही. 'डीफॉल्ट'ही जात नाही, ती साइट पुसता येत नाही, ती रिकामी पडून राहते. केवळ पत्त्यातल्या शब्दासाठी मी हे करणार नाही.

---

खिडकीपाशी

विंडोजवाल्यांनी हा धागा वाचून आपल्याकडेही असंच असेल असं धरू नये, म्हणून लिहिते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही (विंडोज नेटवर्कमधली खाती आणि मशीन सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) साइट असतात, आणि तिथेही पहिली साइट 'डीफॉल्ट-फर्स्ट-साइट-नेम' या नावाने आपोआप येते. ती बदलता येते आणि बदलावीही. पण तिथे दिसणारं नाव हे नुसतं लेबल नाही. डोमेन कंट्रोलर (ती व्यवस्था चालवणारे सर्व्हर) आपली नोंद डीएनएसमध्ये करतात तेव्हा साइटचं नाव त्या एसआरव्ही, म्हणजे सेवा कुठे आहे ते सांगणाऱ्या, नोंदीचा भाग असतं. क्लायंट जवळचा डोमेन कंट्रोलर शोधतो तो त्याच नावाने, आणि आपण कोणत्या साइटवर आहोत हे रजिस्ट्रीत लक्षात ठेवतो.

नाव बदलल्यावर नेटलॉगऑन सेवा नव्या नावाने नोंदी करते, पण तो बदल सगळ्या डोमेन कंट्रोलरपर्यंत पोचेपर्यंत आणि क्लायंटची आठवण ताजी होईपर्यंत मधला काळ जातो. मी हे काम सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी केलं, दुसऱ्या दिवशी प्रत्येक ठिकाणच्या एका मशीनवर 'एनएलटेस्ट'ने कोणती साइट सांगते ते तपासलं, आणि स्क्रिप्टमध्ये जुनं नाव लिहिलेलं कुठे राहिलं ते शोधलं. त्रास झाला नाही, पण हे काम दोन मिनिटांचं नव्हे.

---

आलेख

याला जोडून. झॅबिक्स या देखरेखीच्या साधनात होस्टला, म्हणजे प्रत्येक मशीनला, दोन नावं असतात, तांत्रिक आणि दिसणारं. दिसणारं हवं तेव्हा बदला. तांत्रिक बदललं आणि त्या मशीनवरच्या एजंटच्या (माहिती पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) फाइलमधलं होस्टनेम तसंच राहिलं, तर ॲक्टिव्ह तपासण्या थांबतात, कारण एजंट त्याच नावाने सर्व्हरकडे काम मागायला येतो. लिब्रेएनएमएस या तशाच दुसऱ्या साधनात आलेखांच्या आकड्यांच्या आरआरडी फाइली होस्टनेमच्या फोल्डरात असतात. तिथे नाव बदलायची आज्ञा ते फोल्डरही हलवते, म्हणून बदल तिच्याकडूनच करून घ्यावा, डेटाबेसमध्ये हाताने करू नये. गेटवेवरचा यांच्या बाबतीत जे झालं तेच तिथेही होतं: नोंद एका नावाची, फोल्डर दुसऱ्या.

---

पहिलीपायरी

डेटाबेसचा नाद सोडला. गेटवेवरचा, तुमचा प्रतिसाद मी छापून सर्व्हररूममध्ये लावणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

नाव काय ठेवावं? मुख्य इमारतीला सगळे 'कोपऱ्यावरची इमारत' म्हणतात. तेच देवनागरीत ठेवायचा विचार आहे.

---

गेटवेवरचा

हरकत कसली, जरूर लावा.

---

अक्षरजुळणी

देवनागरी नाव जरूर ठेवा, आपली माणसं जे बोलतात तेच पडद्यावर दिसावं. फक्त 'कोपऱ्यावरची' या शब्दात एक खाच आहे. त्यातला 'ऱ्य' संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. युनिकोडमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, तेच अक्षर साधा 'र' आणि खाली नुक्ता असंही साठवता येतं, आणि काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून तोच आकार उमटवतात. पडद्यावर तिन्ही सारखेच. तुलना करणाऱ्या स्क्रिप्टला मात्र तीन वेगवेगळे शब्द.

पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणले की एक होतात. तिसरा होत नाही, कारण तो अदृश्य जोडक त्या नियमांत विरघळत नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये 'किनाऱ्याकडचं गोदाम' अशी एक साइट होती. कंट्रोलरमध्ये नाव एकाने टंकलेलं, यादीत दुसऱ्याने. रोजच्या अहवालात ती साइट 'सापडली नाही' म्हणून यायची आणि दोन्ही शब्द शेजारी ठेवले तरी डोळ्याला फरक दिसायचा नाही. शेवटी अक्षरांचे आकडे काढून बघितले तेव्हा कळलं.

म्हणून स्क्रिप्टमध्ये नावावरून साइट शोधूच नका. 'सेल्फ' खालची 'साइट्स' ही एपीआय विनंती दोन्ही रकाने देते, त्यातला 'नेम' वापरा. तो रोमन अक्षरांत आणि न बदलणारा. 'डेस्क' फक्त माणसांना दाखवायला. आणि 'ऱ्य' टाळता आला तर आणखी सोपं.

क्रमांक देणार असाल तर '०१', '०२' असे दोन अंकी द्या. अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या यादीत '१०' हा '२'च्या आधी येतो.

---

निळादिवा

+१. आणि नावात मजला, मालक किंवा विभाग घालू नका, ते बदलतात. इमारत सहसा जागची हलत नाही.

---

पहिलीपायरी

काल रात्री केलं. आधी बॅकअपची 'यूएनएफ' फाइल उतरवून दुसऱ्या मशीनवर ठेवली. ग्राफानाची गाळणं आलेख यांनी सांगितल्याप्रमाणे संकेतावर आणली आणि जुन्या नावानेच एक दिवस चालवून बघितली. मग नाव बदललं: '०१ मुख्य इमारत'. अक्षरजुळणी, 'ऱ्य' टाळला. बाकीच्या तिघींनाही '०२', '०३', '०४' लावलं.

साठच्या साठ उपकरणं जोडलेली राहिली, एकही हललं नाही. 'साइट्स'चा फोल्डर उघडून बघितला, आमच्या 'डीफॉल्ट'मध्येही ती गेटवेची फाइल निघाली! मला तिच्याबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. तिची एक प्रत बॅकअपशेजारी ठेवली आहे.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर चारही साइटचं नाव आणि त्यासमोर संकेत असं लिहून ठेवलंय. सकाळी त्या सहकाऱ्याने यादी उघडली आणि विचारलं, "ही मुख्य इमारत नवीन साइट का?" त्याला नोंदवहीचं पान दाखवलं.

---

आलेख

एक राहिलं. इशाऱ्यांपैकी एखादा मुद्दाम वाजवून बघा, एका ॲक्सेस पॉइंटची केबल मिनिटभर काढून.

---

पहिलीपायरी

आत्ताच काढली. तिसऱ्या मिनिटाला मेल आला, विषयात '०१ मुख्य इमारत'.